आर्डवार्क, रानकुत्रे की इथिओपियन लांडगा? आफ्रिकेतल्या कमी दिसणाऱ्या प्राण्यांसाठी कुठली सफारी निवडावी

इथिओपियन लांडगे जगात पाचशेहूनही कमी उरले आहेत. तरीही इथिओपियातल्या बाले पर्वतात दोन दिवस काढले तर बहुतेकांना तो दिसतो, तोही भरदिवसा, उघड्या पठारावर. आर्डवार्कचं, म्हणजे लांब नाकाच्या, बिळात राहून वाळवी-मुंग्या खाणाऱ्या निशाचर प्राण्याचं, उलट आहे. सहाराच्या दक्षिणेला तो जवळजवळ सगळीकडे आहे, धोक्यात आलेल्या प्राण्यांत त्याची गणना होत नाही, आणि तरी वर्षानुवर्षं जंगलात काम करणाऱ्या कित्येक गाइडांना तो मोजक्या वेळाच दिसलेला असतो. प्राणी किती दुर्मिळ आहे यावरून तो दिसणं किती अवघड आहे हे ठरत नाही. सफारी निवडताना दोनच गोष्टी आधी पाहायच्या: तो प्राणी जागा असतो त्या वेळी तुमची गाडी बाहेर असेल का, आणि तो रस्त्यापासून आत वळला तर त्याच्या मागे जाता येईल का.

हा आढावा ज्यांचं मसाई मारा, सेरेंगेटी किंवा क्रूगर एकदा झालंय, सिंह-हत्ती-जिराफ पाहून झालेत, आणि आता पुढच्या फेरीत वेगळं काही बघायचंय, त्यांच्यासाठी आहे. मुख्य तुलना चार ठिकाणांची: दक्षिण आफ्रिकेचा नॉर्दर्न केप, उत्तर बोट्सवाना, झांबिया आणि केनियाचा लायकिपिया-सांबुरू भाग. बाले पर्वताचा पर्याय शेवटी थोडक्यात.

## आधी नियम, मग नकाशा

केनियातल्या राष्ट्रीय उद्यानांत आणि मसाई मारा राष्ट्रीय अभयारण्यात अंधार पडल्यावर गाडी फिरवता येत नाही. बोट्सवानातल्या मोरेमी आणि चोबेतही तसंच, शिवाय तिथे रस्ता सोडायलाही बंदी आहे. दक्षिण आफ्रिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत स्वतःची गाडी घेऊन फिरणाऱ्यांना सूर्यास्ताच्या आत कॅम्पवर परतावं लागतं, मात्र उद्यानाच्याच गाडीतून गाइडसोबत नाइट ड्राइव्ह मिळते. झांबियाच्या साउथ लुआंग्वात तर मुख्य उद्यानाच्या आतच गाइडसोबत साधारण रात्री आठपर्यंत स्पॉटलाइट लावून फिरता येतं.

या उद्यानांना लागून खासगी किंवा गावसमाजाच्या मालकीची राखीव क्षेत्रं असतात. केनियात त्यांना कन्झर्व्हन्सी म्हणतात, बोट्सवानात कन्सेशन. तिथे रात्री फिरणं आणि गरज पडल्यास रस्ता सोडणं बहुधा चालतं. ताडोब्यात कोअर आणि बफरचे नियम वेगळे असतात हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना ही विभागणी लगेच कळेल. अडचण अशी की टूरच्या पत्रकात दोन्हीसाठी ‘मसाई मारा, ४ रात्री’ एवढंच छापलेलं असतं. कॅम्प अभयारण्यात आहे की नाबोइशो, ओलारे मोतोरोगी किंवा मारा नॉर्थसारख्या कन्झर्व्हन्सीत, हे नाव घेऊन विचारल्याशिवाय पैसे भरू नका. आर्डवुल्फ (वाळवी खाणारं छोटं तरस), साळिंदर किंवा सिव्हेट (आफ्रिकी जवादी मांजर) दिसण्याची शक्यता या एका उत्तरावर ठरते.

## नॉर्दर्न केप: थंडीच इथलं भांडवल

निशाचर सस्तन प्राण्यांसाठी एकच सहल करायची असेल तर किम्बर्लीच्या आसपासचा आणि कालाहारीचा हा कोरडा, गवताळ, झुडपी प्रदेश पहिला येतो. तोही जून ते ऑगस्ट, म्हणजे दक्षिण गोलार्धाच्या हिवाळ्यात.

कारण समजून घेण्यासारखं आहे. इथल्या बऱ्याच निशाचरांचं पोट वाळवीवर चालतं. गवत तोडून नेणारी होडोटर्मिस ही वाळवी उन्हाळ्यात रात्री बाहेर पडते. हिवाळ्यात रात्री पारा शून्याखाली जातो, तेव्हा ती दुपारच्या उन्हात काम करू लागते. खाणारे तिच्या वेळेला आपली वेळ जुळवतात. त्यामुळे मोठ्या कानांचा बॅट-इअर्ड फॉक्स, जो सेरेंगेटीत बहुतांशी रात्री फिरतो, तो इथे जुलैत दुपारी दोन-तीनला डोकं खाली घालून, कान जमिनीकडे वळवून वाळवी शोधताना दिसतो. आर्डवुल्फ एरवी ट्रायनर्व्हिटर्मिस जातीची वाळवी खातो, एका रात्रीत दोन-तीन लाखांपर्यंत. थंडीत ही वाळवी लवकर जमिनीखाली जाते, मग आर्डवुल्फ सूर्यास्ताच्या तास-दोन तास आधीच बाहेर येतो आणि रात्र चढायच्या आत बिळात परततो. किम्बर्लीला जूनमध्ये सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो. त्यामुळे आर्डवुल्फसाठी कामाची वेळ दुपारी साडेतीन ते संध्याकाळी सात. जेवण आटोपून साडेनऊला निघालात तर तो झोपायला गेलेला असण्याचीच शक्यता जास्त.

आर्डवार्कचंही तसंच. उन्हाळ्यात तो मध्यरात्रीच्या आसपास हिंडतो, थंडीत संध्याकाळीच निघतो. चाळीस ते पासष्ट किलोचा हा प्राणी, पण स्पॉटलाइटमध्ये त्याचे डोळे चमकताना फारसे दिसत नाहीत, कारण नाक सतत जमिनीला टेकलेलं असतं. म्हणून अनुभवी गाइड डोळ्यांऐवजी कमानदार पाठ शोधतात. दिवसा फिरताना बिळंही वाचून ठेवतात: तोंडावर कोळ्याचं जाळं असेल तर बीळ रिकामं. उकरलेली माती ओलसर, गडद असेल आणि तोंडाशी बारीक माश्या घोंगावत असतील तर आत कुणीतरी आहे. संध्याकाळी त्याच बाजूने फेरी मारायची. आर्डवार्क दिसला की वारा त्याच्याकडून आपल्याकडे येईल अशा बाजूला गाडी थांबवून इंजिन बंद करायचं. त्याची नजर अधू, पण कान आणि नाक तिखट. तो वारुळात तोंड खुपसून खणत असतो तेव्हाच दोन पावलं पुढे सरकता येतं. एकदा त्याने मान वर करून कान फिरवले की हलायचं नाही. इथे बोलणाऱ्या पाहुण्यांमुळे जेवढी सायटिंग हुकतात तेवढी दुसऱ्या कशानेच हुकत नाहीत.

ब्लॅक-फुटेड कॅट हे या भागाचं खास वैशिष्ट्य. आफ्रिकेतलं हे सगळ्यात छोटं मांजर, एक ते अडीच किलो वजनाचं, साधारण आपल्या वाघाटीएवढं. किम्बर्लीजवळच्या बेनफाँटेन अभयारण्यात १९९२पासून त्याचा अभ्यास चालू आहे. स्पॉटलाइटचा उजेड पडला की हे मांजर जमिनीला चिकटून बसतं आणि गवतात विरघळून जातं. डोळे चमकले त्याच क्षणी जवळचं झुडूप किंवा दगड हेरून नजर तिथेच धरून ठेवायची. सगळ्यांनी एकदम माना वळवून ‘कुठे, कुठे’ सुरू केलं की ते गेलंच. बाकी उड्या मारत जाणारा एकच चमकता ठिपका दिसला तर तो स्प्रिंगहेअर, उंदीरवर्गातला एक प्राणी. तो बाजूने तुमच्याकडे पाहतो म्हणून बरेचदा एकच डोळा चमकतो.

राहण्याचे तीन प्रकार आहेत. किम्बर्लीजवळची मॅरिकसारखी खासगी शेतं, जिथे चार-पाच तासांची नाइट ड्राइव्ह हाच मुख्य कार्यक्रम असतो. खर्चाच्या मानाने निशाचरांसाठी यापेक्षा चांगला सौदा आफ्रिकेत सापडणं कठीण. इथे सिंह नाहीत, हत्ती नाहीत, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा. दुसरा प्रकार कगालागाडी ट्रान्सफ्रंटियर पार्क, किम्बर्लीहून उपिंग्टनमार्गे जवळपास साडेसहाशे किलोमीटर. इथे स्वतः गाडी चालवत कोरड्या नदीपात्रांतून फिरायचं. तपकिरी तरस पहाटे, आफ्रिकन रानमांजर झाडाच्या ढोलीत, आणि हनी बॅजर दिवसाही खणत हिंडताना दिसतो. हनी बॅजर शोधायची इथली खूण म्हणजे पेल चँटिंग गॉसहॉक हा ससाणा. तो जमिनीजवळच्या फांदीवर बसून खाली एकटक बघत पुढे पुढे सरकत असेल तर खाली बहुधा बॅजर खणतोय आणि निसटणारे उंदीर-सरडे पकडायला ससाणा टपलाय. नोसॉब कॅम्पच्या दिवे लावलेल्या पाणवठ्यावर रात्री शांत बसून राहिलात तर तेही वाया जात नाही.

तिसरा प्रकार त्स्वालू कालाहारी, सगळ्यात महाग. टेमिंक्स पँगोलिन, म्हणजे आपल्या खवलेमांजराचा आफ्रिकी भाऊबंद, पाहायचाच असा हट्ट असेल तर मात्र हीच जागा. इथे पँगोलिनवर दीर्घकाळ संशोधन झालंय, गाइडना ते कुठल्या पट्ट्यात फिरतात हे माहीत असतं, आणि हिवाळ्यात पँगोलिन दुपारीच बाहेर पडतो. पुढची नखं पोटाशी धरून, शेपटीचा तोल सावरत मागच्या दोन पायांवर चालणारा पँगोलिन पंधरा-वीस पावलांवरून बघायला मिळणं ही गोष्ट इतरत्र निव्वळ योगायोगावर असते. फोटो टाकताना जागेची माहिती काढून टाका. आठही जातींच्या पँगोलिनच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइटिस या वन्यजीव-व्यापार कराराच्या २०१६च्या परिषदेत बंदी ठरली, पण चोरटी शिकार थांबलेली नाही.

इथे कुठे चुकतं? कपड्यांत. उघड्या गाडीत, वाऱ्यात, उणे तापमानात चार तास बसायचं असतं. पुण्याच्या हिवाळ्याचं स्वेटर पुरत नाही. थर्मल, जाड जॅकेट, कानटोपी, हातमोजे आणि मफलर एवढं लागतंच. थंडीने कुडकुडून दोन तासांत परत फिरलेल्या गटाला आर्डवार्क दिसत नाही.

किम्बर्लीचा भाग मलेरियामुक्त आहे. लहान मुलं किंवा वयस्कर मंडळी बरोबर असतील तर ही गोष्ट निर्णय बदलू शकते.

## उत्तर बोट्सवाना: रानकुत्र्यांसाठी, आणि जुलैतच

आफ्रिकन रानकुत्रे सगळ्या खंडात मिळून काही हजारच उरलेत. एकेका कळपाचा वावर शेकडो चौरस किलोमीटरांत असतो, त्यामुळे एरवी ते दिसणं म्हणजे त्यांची आणि तुमची वाट एकमेकांना छेदली तर. अपवाद विणीच्या हंगामाचा. मेअखेर-जूनमध्ये माद्या पिल्लं घालतात, आणि पुढचे तीनेक महिने सगळा कळप एका बिळाशी बांधलेला राहतो. शिकारीला कितीही लांब गेला तरी परत तिथेच येतो. बीळ बहुतेक वेळा आर्डवार्कने खणून सोडलेलं असतं. पिल्लं तीन-चार आठवड्यांनी तोंड बाहेर काढतात. म्हणून पिल्लं पाहायची असतील तर जूनच्या पहिल्या आठवड्यात जाऊन उपयोग नाही. जुलै आणि ऑगस्टचा पहिला पंधरवडा हीच खरी वेळ.

लिन्यांती, क्वांडो आणि ख्वाई या भागांत कळप आहेत. मोरेमीतही आहेत, पण तिथे रस्ता सोडता येत नसल्याने कळप दुडक्या चालीने झाडीत शिरला की पाठलाग संपला. कन्सेशनमध्ये गाडी झुडपांतून मागे जाऊ शकते. पैशांतला मोठा फरक याच गोष्टीसाठी मोजायचा असतो. बोट्सवानाने पर्यटक कमी आणि दर चढे असं धोरण ठेवलंय. इथल्या कन्सेशनमधले कॅम्प या तुलनेत, त्स्वालू सोडलं तर, सर्वांत महाग पडतात. ख्वाईचं गावसमाजाचं क्षेत्र त्या मानाने स्वस्त, फिरत्या तंबूंच्या सफारी तिथे मिळतात आणि रात्रीही फिरता येतं.

कळप दुपारी सावलीत पसरलेला सापडला तर निघून जाऊ नका. ऊन उतरलं की एकजण उठतो, दुसऱ्याच्या तोंडाला तोंड लावतो, पाहता पाहता सगळे शेपट्या हलवत, चिवचिवाटासारखा आवाज करत एकमेकांभोवती फिरू लागतात. याच वेळी शिंका ऐका. बोट्सवानातल्या कळपांच्या अभ्यासातून, जो २०१७मध्ये प्रसिद्ध झाला, असं दिसलं की जितक्या जास्त शिंका तितकी कळप निघण्याची शक्यता जास्त. शिंका वाढल्या की कॅमेरा, पाण्याच्या बाटल्या, सगळं आवरून घट्ट बसा. पुढची दहा मिनिटं गाडी सरळ चालणार नाही.

एक आग्रह मात्र धरू नका: बिळाच्या अगदी जवळ नेण्याचा. माणसांची वर्दळ वाढली तर माद्या पिल्लं तोंडात धरून दुसरीकडे हलवतात, आणि त्या प्रवासात सिंह-तरसांची धास्ती असते. लांब थांबवणारा, पाच-सात आठवड्यांच्या आतल्या पिल्लांजवळ न नेणारा गाइड चांगला समजा.

सेबल आणि रोन ही मोठी देखणी हरणंही कोरड्या हंगामात लिन्यांती-सावुतीच्या बाजूला पाण्यावर येतात. पाणथळीतलं सिटाटुंगा हे हरीण ओकावांगोच्या दलदलीतल्या पपायरस या उंच लव्हाळ्यांमध्ये आहे, पण त्याच्यासाठी झांबियाचा पर्याय अधिक भरवशाचा.

## झांबिया: रात्र आणि मार्जारकुळ दोन्ही हवं असेल तर

सहप्रवाशांना बिबळ्या हवाय आणि तुम्हाला सिव्हेट, तर साउथ लुआंग्वा. दुपारी चारच्या सुमारास निघालेली गाडी नदीकाठी सूर्यास्ताला थांबते आणि मग स्पॉटलाइट लागतो. जेनेट (मांजरासारखा सडपातळ, ठिपकेदार प्राणी), आफ्रिकन सिव्हेट, पांढऱ्या शेपटीचं मुंगूस, बुशबेबी (मोठ्या डोळ्यांचं चिमुकलं वानर) आणि साळिंदर ही इथली रात्रीची नेहमीची मंडळी. हनी बॅजर अधूनमधून. बिबळ्यासाठी तर हे खोरं प्रसिद्धच आहे. शिवाय थॉर्निक्रॉफ्ट्स जिराफ ही उपजात फक्त इथेच आढळते. आर्डवार्क-पँगोलिनची अपेक्षा मात्र इथे ठेवू नका. जमीन, झाडी आणि रात्री आठची मर्यादा, तिन्ही त्यांच्या विरोधात आहेत.

हंगाम जून ते ऑक्टोबर. मे-जूनमध्ये गवत उंच असतं, लहान प्राणी त्यात बुडून जातात. ऑक्टोबरात गवत संपतं, पाणी आटतं, प्राणी भरपूर दिसतात, पण पारा चाळिशी ओलांडतो. नोव्हेंबरात पाऊस आला की आतले बरेच छोटे कॅम्प बंद होतात, कारण काळ्या चिकट मातीत गाड्या रुततात.

काफुए हे उद्यान याहून दुपटीने मोठं. उत्तरेकडच्या बुसांगा मैदानात रोन, सेबल, सर्व्हल (लांब पायांचं रानमांजर) आणि सिटाटुंगा यांच्या शक्यता चांगल्या आहेत. त्रास त्सेत्से माशीचा. ती गडद निळ्या आणि काळ्या रंगाकडे ओढली जाते, तेव्हा जीन्स घरी ठेवा, खाकी-करडे कपडे घ्या.

आणि मग कासांका. छोटंसं उद्यान, मोठी जनावरं फारशी नाहीत, म्हणून टूरवाले त्याचं नावही घेत नाहीत. पण इथे फिब्वे नावाची मचाण एका उंच महोगनीच्या झाडावर आहे, खाली पपायरसची दलदल. पहाटे धुकं उठायच्या आत वर चढून बसलात तर सिटाटुंगा गुडघाभर पाण्यात चरताना दिसतो. लांब, पसरट खुरांमुळे हे हरीण दलदलीत बुडत नाही, आणि धोका जाणवला तर पाण्याखाली जाऊन फक्त नाक वर ठेवतं. ऑक्टोबरअखेर ते डिसेंबर याच जंगलात स्ट्रॉ-कलर्ड फ्रूट बॅट ही फळं खाणारी वटवाघळं येतात, अंदाजे एक कोटी. संध्याकाळी ती उठतात तेव्हा पंधरा-वीस मिनिटं आकाश भरलेलं असतं. एवढ्या सस्तन प्राण्यांचा एकत्र मेळा पृथ्वीवर दुसरीकडे क्वचितच दिसेल, आणि तो पाहायला मोजकीच माणसं असतात.

## केनिया: सोयीचं, पण अपेक्षा नेमक्या ठेवा

मुंबईहून नैरोबीला थेट विमान आहे, शाकाहारी आणि जैन जेवण सहज मिळतं, आणि रस्ते-कॅम्प सगळ्या बजेटमध्ये आहेत. सहकुटुंब जायचं तर याचं वजन खरंच आहे.

सांबुरूमधले पाच प्राणी दिवसा दिसतात आणि मारात दिसत नाहीत: ग्रेव्हीज झेब्रा, जाळीदार जिराफ, मागच्या पायांवर उभं राहून पाला खाणारं जेरेनुक हे हरीण, लांब शिंगांचं बेइसा ओरिक्स हे हरीण आणि सोमाली शहामृग. ग्रेव्हीज झेब्रे जगात तीन हजारांच्या आसपास, त्यातले बहुसंख्य उत्तर केनियात. दोन रात्रींत पाचही होतात. रात्र जागवायची गरज नाही, त्यामुळे लहान मुलांसाठी ‘वेगळे प्राणी’ दाखवायचा हा सगळ्यात सोपा मार्ग.

लायकिपियाच्या खासगी क्षेत्रांत, म्हणजे ओल पेजेटा, लोइसाबा, बोराना वगैरे ठिकाणी, नाइट ड्राइव्ह असते आणि आर्डवुल्फ, बॅट-इअर्ड फॉक्स, पांढऱ्या शेपटीचं मुंगूस आणि क्वचित कॅराकल हे रानमांजर दिसतं. काळ्या बिबळ्याचीही ख्याती याच भागाची. रानकुत्र्यांसाठी मात्र लायकिपियावर सगळी भिस्त ठेवू नये. २०१७मध्ये डिस्टेंपर या कुत्र्यांच्या विषाणूजन्य रोगाच्या साथीत तिथले जवळपास सगळे कळप संपले. त्यानंतर पुन्हा कळप दिसू लागले, पण विषुववृत्ताजवळ विणीचा ठराविक हंगाम नसल्याने बोट्सवानासारखी तारीख बांधता येत नाही. जाण्याच्या महिनाभर आधी कॅम्पला विचारायचं: कळप सध्या बिळावर आहे का?

पट्टेदार तरस ही लायकिपियाची जाहिरात करताना हमखास पुढे येणारी गोष्ट. हे तेच तरस जे पुणे जिल्ह्यातल्या सासवडच्या माळरानांवर आहे. त्यासाठी आफ्रिकेतल्या रात्री खर्च करण्यापेक्षा त्या रात्री आर्डवुल्फला द्या.

सर्व्हलसाठी उलट मारा किंवा टांझानियातलं न्दुतु बरं. पहाटे आणि ऊन उतरताना, गवत आखूड असलेल्या ओढ्याच्या काठाने. जानेवारी ते मार्च न्दुतुची मैदानं हिरवी पण आखूड असतात, तेव्हा सर्व्हलची उंच उडी पूर्ण दिसते.

## बाले पर्वत: एकाच प्राण्यासाठी, जवळपास खात्रीने

इथिओपियन लांडगा दिवसा शिकार करतो, कारण तो ज्यांच्यावर जगतो ते उंदीर आणि घुशीएवढे मोल-रॅट दिवसा बिळाबाहेर येतात. चार हजार मीटरवरच्या सानेट्टी पठारावरून गाडीरस्ता जातो. सकाळी आठ ते अकरा वेळ उत्तम. अदिस अबाबाहून अंतर सुमारे चारशे किलोमीटर. पहिली रात्र डिन्शोला, तीनेक हजार मीटरवर काढा. माउंटन न्याला ही हरणं तिथे उद्यानाच्या मुख्यालयाच्या आवारातच भेटतात आणि शरीराला उंचीची सवय होते. थेट वर गेलात तर डोकेदुखी-मळमळीत दिवस जाईल. नोव्हेंबर ते फेब्रुवारी कोरडा काळ, रात्री गोठवणाऱ्या. ओरोमिया प्रांतात सुरक्षेची स्थिती बदलत असते, म्हणून तिकीट काढण्याआधी भारतीय दूतावासाच्या सूचना पाहाव्यात.

## सुट्टी ठरलेली असेल तर

आपल्याकडे बहुतेकांची सुट्टी आधी ठरते आणि जंगल मागून, म्हणून याच बाजूने पाहू.

मे-जून: महाराष्ट्रातल्या शाळा जूनच्या मध्याला उघडतात. जूनचा पहिला पंधरवडा नॉर्दर्न केपसाठी जवळजवळ आदर्श आहे, थंडी सुरू झालेली आणि तिथल्या शाळांच्या सुट्टीची गर्दी अजून नाही. केनियात एप्रिल-मे मोठ्या पावसाचे. टाळा.

जुलै-ऑगस्ट: रजा मिळत असेल तर पहिली पसंती बोट्सवाना, दुसरी नॉर्दर्न केप. दोन्ही एका सहलीत कोंबू नका. जोहान्सबर्गमार्गे प्रवासातच दोन दिवस जातात.

दिवाळी: कालाहारी तापू लागलेली असते, वाळवी आणि तिचे खाणारे पुन्हा रात्रीत गेलेले असतात, रानकुत्र्यांची पिल्लं कळपासोबत पळू लागलेली असतात. दिवाळी नोव्हेंबरात असेल तर कासांका किंवा बाले. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात असेल आणि उन्हाचा त्रास होत नसेल तर साउथ लुआंग्वा.

नाताळ-जानेवारी: लायकिपिया आणि सांबुरू, जानेवारीत न्दुतु जोडून.

## आरक्षणाआधी विचारायचे प्रश्न

एका ठिकाणी किमान तीन रात्री मागा. निशाचरांच्या बाबतीत पहिली रात्र गाइडला तुमचा अंदाज घेण्यात आणि तुम्हाला नजर बसवण्यात जाते. पाच ठिकाणी एकेक रात्र हा आपल्याकडच्या गटसहलींचा नेहमीचा आराखडा इथे हमखास फसतो.

नाइट ड्राइव्ह किती तासांची, त्यासाठी वेगळे पैसे आहेत का, गाडी तुमच्यापुरती आहे का, हे लेखी घ्या. दुसऱ्या पाहुण्यांबरोबर बसलात तर सिंहाचा आवाज आला की गाडी तिकडे वळणार आणि आर्डवुल्फ मागे राहणार. गाइडला पहिल्याच दिवशी तुमची यादी द्या, नाहीतर तो बॅट-इअर्ड फॉक्सजवळून न थांबता जाईल, कारण बहुतेक पाहुण्यांना तो नकोच असतो. कॅम्पचं जेवण साडेसातला असेल तर डबा बरोबर मागून घ्या. लाल फिल्टर वापरतात का तेही विचारा. हरणं, माकडं, हत्ती यांच्यावर प्रखर झोत धरून ठेवणारा गाइड नको, त्यांना काही वेळ दिसेनासं होतं आणि तेवढ्यात शिकारी साधतो. खासगी कॅम्पांत मुलांसाठी किमान वय असतं, पायी सफारीला बहुधा बारा.

दुर्बीण ८×४२. १०×४२ दिवसा चालते, अंधारात तीच प्रतिमा काळवंडते आणि हातही हलतो. कॅमेऱ्यात फ्लॅश बंद, आयएसओ ३२०० ते ६४००, लेन्स जितकी उघडी तितकी. स्पॉटलाइट समोरून असला की डोळे पांढरे फटफटीत येतात, गाइडला झोत थोडा बाजूने धरायला सांगा. लहान विमानांत सामान पंधरा ते वीस किलो, तेही चाकं नसलेल्या मऊ बॅगेत. नॉर्दर्न केपचे जाड कपडे यात बसवताना कसरत होते, जॅकेट अंगावर घालून चढणं हा सरळ उपाय.

केनिया किंवा इथिओपियातून परतताना भारतात पीतज्वराच्या लशीचा दाखला दाखवावा लागतो, नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरण होऊ शकतं. नैरोबी किंवा अदिस अबाबामार्गे जोहान्सबर्गला जाताना मध्ये बारा तासांहून जास्त थांबलात तर दक्षिण आफ्रिकाही तोच दाखला मागते. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते आणि दाखला लस घेतल्याच्या दहा दिवसांनंतर ग्राह्य होतो, तेव्हा प्रवासाच्या महिनाभर आधी केंद्रात नाव नोंदवा.